क्रमांक ६३ची वही

१० जानेवारी, शनिवार

एकशे बेचाळीस वह्या! दोन पोती भरून. रिक्षावाला म्हणाला, "रद्दी का मॅडम?" म्हटलं, अजून नाही.

कात्रजपर्यंत एक पोतं मांडीवर, एक पायाशी. जिन्यात दोनदा थांबले. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून बघितलं आणि लावून घेतलं.

हे काम घेतलं तेव्हा हौस होती. वीस वर्षं मानसशास्त्र शिकवतेय, म्हटलं आता मुलांच्या मनात काय असतं ते त्यांच्याच अक्षरात वाचायला मिळेल. प्रकल्पप्रमुख सलिल सरांनी नाव दिलंय — विद्यार्थ्यांच्या आरोग्यपूर्ण आणि शाश्वत आहारामागील मानसिक घटक. म्हणजे मुलं काय खातात, का खातात, का टाकतात, आणि खाताना माती-पाणी-कचरा असला काही विचार त्यांच्या मनात येतो का. दोन वसतिगृहं. एक ते सत्तर मुली, पुढची मुलं. पाच आठवडे रोज लिहायचं — काय खाल्लं, कुठे, कुणाबरोबर, खाण्याआधी मनात काय होतं, ताटात काय उरलं. शनिवारी वह्या गोळा करायच्या, सोमवारी बंद पाकिटांतून परत. नाव नाही, फक्त क्रमांक. पहिल्या पानावर माझ्या सहीनं छापलंय : "तुम्ही कोण आहात हे कुणालाही कळणार नाही."

पाठ भरून आलीय. उद्या बघू.

११ जानेवारी, रविवार

अफशीन सकाळीच आली, कोंढव्याहून स्कूटरवर. प्रकल्पावरची साहाय्यक. पंचवीस वर्षांची आहे, पण बोलणं एखाद्या निवृत्त हेडबाईंसारखं. आल्या आल्या चप्पल काढत म्हणाली, "मॅडम, आधी चहा. खोटं वाचायला ताकद लागते."

दिवसभर ठिपके लावले. घरचं, ताजं, हंगामातलं, जवळपास पिकलेलं — हिरवा ठिपका. पाकिटातलं, मागवलेलं, टाकून दिलेलं — लाल. बाकी पिवळा. दुपारपर्यंत हिरवं रान!

"मॅडम, अख्खं हॉस्टेल मोडाची मटकी खातंय. बाजारात तुटवडा कसा नाही झाला?"

खोटं ओळखू येतं. अक्षर एकसारखं, शाई एकच, आठवडा एका बैठकीत लिहिलेला. नाचणीचं सत्त्व, फळं, दूध. आपण प्रश्न विचारला की मुलांना उत्तर नाही दिसत, परीक्षक दिसतो.

पण मधूनच एखादं खरं निसटतं. क्र. १७ : "सबमिशन. चहा. चहा. वडापाव. चहा." क्र. ४१ : "व्हायवाच्या आधी घशाखाली काही उतरत नाही. नंतर थांबता येत नाही." क्र. ९८ : "भूक नव्हती. पण रूममेट मागवत होता. एकट्यानं नाही म्हणायला कसंतरी वाटतं." क्र. १२० रोज आठ अंडी आणि आरशासमोर वीस मिनिटं! कारण विचारलेलं नव्हतं तरी लिहिलंय — "ती म्हणाली काडी आहेस."

हाताला येतील तशा शंभरावर झाल्या, उरलेल्या उद्या. अफशीन गेल्यावर पाव शेकला आणि ओट्याशी उभ्यानं खाल्ला. एकटीसाठी ताट घ्यायची सवय कधीच मोडली.

१२ जानेवारी, सोमवार

क्र. ६३.

"ज्वारीची भाकरी दीड. घेवड्याची भाजी, दाण्याचं कूट घालून. ताक. कांदा फोडून. कुणाबरोबर — सगळे. उरलं — काही नाही." आणि खाण्याआधी मनात काय होतं त्या रकान्यात एकच शब्द : "भूक."

एकशे बेचाळीस जणांत भूक लिहिणारी ही एकटी! बाकीच्यांच्या मनात टेन्शन, बोअर, एकटं वाटत होतं, काही नाही, माहीत नाही.

सातही दिवस असेच. माठ. कुळथाचं पिठलं, "जरा पातळ झालं होतं." हरभऱ्याची कोवळी पानं नुसती तेल-तिखट लावून. 'कुठे' हा रकाना तेवढा रिकामा ठेवलाय, विसरली असेल. बाहेरून डबा लावला असणार. अफशीन म्हणाली, "मला त्या डबेवालीचा नंबर पाहिजे. माझ्या लग्नाचं जेवण तिलाच देते."

वाचता वाचता मलाच भूक लागली. कितीतरी दिवसांनी भात टाकला, आमटी केली. बसून जेवले.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. विभागात तिळगूळ. सलिल सर गोड बोलले. दिवस संपेपर्यंत टिकलं.

१६ जानेवारी, शुक्रवार

मुलींच्या वसतिगृहाच्या हॉलमध्ये बोलायचं होतं. वही खरी लिहा, एवढंच सांगायचं होतं. सांगितलं. चेहरे कोरे. मग मला काय वाटलं कोण जाणे — पिशवीतून ६३ क्रमांकाची दोन पानं काढली, उतरवून नेली होती. वाचली. क्रमांक सांगितला, नाव तर मलाही ठाऊक नाही.

"तुमच्यातच एक जण आहे," म्हटलं, "जी साधं, आपल्या मातीतलं, पोटभर जेवते आणि भूक लागली असं सरळ लिहिते. तिच्यासारखं लिहा."

शेवटच्या रांगेतून आवाज आला, "आम्ही पण भूकच लिहू मॅडम, पण मेसमध्ये जाईपर्यंतच टिकते ती!" हॉल हसला. मीही हसले. चांगलं वाटलं येताना.

१८ जानेवारी, रविवार

दुसऱ्या आठवड्याच्या वह्या. यावेळी अठरा जणींनी "भूक" लिहिलंय! अफशीननं कपाळाला हात लावला. "अभिनंदन मॅडम. साथ पसरली."

चूक माझीच. काय आवडतं ते दाखवून बसले.

६३ मात्र वाढली आहे. ओळी लांब झाल्यात. भोगीच्या दिवशी अख्खं पान — बाजरीची तीळ लावलेली भाकरी, घरचं लोणी, भाजीत पावटा, गाजर, वांगं, ओला हरभरा, "बोरंसुद्धा." मुगाची खिचडी. "दोनदा वाढून घेतलं." परवा शेतात हुरडा. कुठलं शेत? डबेवाली शेतकरी असेल, पाठवला असेल हुरडा. असं म्हटलं मी मनाशी. ठिपका हिरवा.

२० जानेवारी, मंगळवार

सलिल सरांनी बोलावलं. टेबलावर ६३च्या वहीची झेरॉक्स. अफशीननं नमुना म्हणून दिली होती, मीच सांगितलं होतं द्यायला.

"मॅडम, हे सोनं आहे. स्थानिक, हंगामी, शून्य कचरा. ३१ तारखेला पाहुणे येतायत, बाहेरच्या विद्यापीठातले. आपण 'आदर्श ताट' जाहीर करू. हीच मुलगी व्यासपीठावर बसेल, हेच जेवण, सगळ्यांसमोर पहिला घास ती घेईल. फोटो. सत्कार. तिची डबेवालीही बोलवा."

म्हटलं, सर, नाव गुप्त आहे. आपण लिहून दिलंय तसं.

"आपण कुठे सांगतोय? तिलाच पुढे यायला सांगू. सत्काराला कोण नाही म्हणतं?"

आणि नाही आली तर?

पेन टोपणात घालत म्हणाले, "क्रमांकांपुढे नावं असलेली यादी आहेच की माझ्या कपाटात."

२१ जानेवारी, बुधवार

पुन्हा जाऊन नाही म्हणाले. त्यांनी चहा मागवला. ऐकलं नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

सूचना लागली. मेसच्या फळ्याशेजारी, मोठ्या अक्षरात — "क्रमांक ६३ हिने कार्यालयाशी संपर्क साधावा. सत्कार व मानधन." खाली कुणीतरी पेनानं लिहिलंय : "कोण गं तू अन्नपूर्णे?"

२४ जानेवारी, शनिवार

तिसऱ्या आठवड्याच्या वह्या आल्या. बाकीच्या पोत्यातच ठेवल्या, ६३ आधी काढली.

"आमटीत मीठ जास्त झालं. दादा ताटावरून उठून गेला. आप्पा म्हणाले, पाणी घालून घ्या. मी तशीच खाल्ली."

दोनदा वाचलं.

मुलींचं वसतिगृह. तिथे दादा कुठून येईल? आप्पा कुठून येतील? डबा आणणारा माणूससुद्धा फाटकाच्या आत येत नाही तिथे.

मग मागची दोन्ही आठवड्यांची पानं काढली. सगळं एकदम दिसायला लागलं. 'कुणाबरोबर — सगळे' म्हणजे मैत्रिणी नाहीत. 'कुठे' हा रकाना विसरलेला नाही. एकवीस दिवस रोज रिकामा, एकही चुकून भरलेला नाही. हे कुठलंतरी घर आहे, आणि ती तिथे नाही.

मग ती काय खाते?

२५ जानेवारी, रविवार

अफशीनला दाखवलं. तिला विनोद सुचायचे थांबले. बराच वेळ वही उलटीसुलटी करत राहिली. मग म्हणाली, "मेसवाल्या काकूंना विचारू? कोण जेवायला येत नाही ते?"

नको म्हटलं. शोधायला लागलो की मग सरांत आणि आपल्यात फरक काय! सही माझी आहे त्या पानावर. पण न शोधता बसायचं म्हणजे तरी काय? एकवीस दिवस! मी त्यातल्या प्रत्येक दिवसाला हिरवा ठिपका लावलाय. एका मुलीच्या उपाशी पोटाला शाबासकी दिली, तीही भर हॉलमध्ये, माईक हातात धरून.

शेवटी पेन्सिलनं मिठाच्या ओळीखाली बारीक लिहिलं : "दादा कुठे बसतो जेवायला? मला सांगशील? माझी खोली दुसऱ्या मजल्यावर, २१४. दुपारी मी एकटीच असते." वही पाकिटात घातली. चिकटवली.

२७ जानेवारी, मंगळवार

काल सुट्टी, म्हणून पाकिटं आज टेबलावर मांडली. संध्याकाळी अफशीनचा फोन. सगळी गेली, एक उरलंय.

६३.

"मॅडम, टेबलाभोवती मुली उभ्या आहेत. कोण उचलतं ते बघायला. एकीनं फोन पण धरून ठेवलाय."

२८ जानेवारी, बुधवार

अजून तिथेच. मी स्वतः जाऊन बघून आले. भिंतीला टेकून तिघी उभ्या होत्या, मला बघून पांगल्या. पाकीट उचलून आणावं असं वाटलं. पण मग ती आली तर? नाही उचललं. वर्गात शिकवताना दोनदा वाक्य विसरले.

२९ जानेवारी, गुरुवार

आली!

दुपारी अडीचला दार वाजलं. बारीक, उंच मुलगी, ओढणीचं टोक मुठीत. दोन जिने चढून आली होती आणि चौकटीला धरून उभी होती, ओठ पांढरे. मी खुर्ची पुढे केली. बसली नाही.

"मॅडम, ते पाकीट उचला ना तिथनं. सगळ्या बघत असतात."

एवढंच बोलली. मग तिच्या लक्षात आलं आपण काय सांगितलं ते. डोळे भरले. मी म्हटलं, बाळ, बस. मी कुणाला सांगणार नाही. नाव सांगितलं नाहीस तरी चालेल.

"ऋतिका," म्हणाली. बसली.

करमाळ्याच्या पुढचं गाव. दुसऱ्या वर्षाला आहे, बी.एस्सी.ला. या जूनपासून वसतिगृहात, गेल्या वर्षी मावशीकडे हडपसरला होती. बोलायला वेळ लागला. मी मध्ये काही विचारलं नाही. विचारण्याचे परिणाम बघून झालेत.

ऑगस्टमधली गोष्ट. मेसमध्ये आमटीभात होता. तिच्या घरी ताटातच कालवतात आणि ओरपतात, भुरका मारून. तशीच जेवत होती. समोरच्या टेबलावरून कुणीतरी व्हिडिओ काढला. मुलींच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं होतं — साउंड ऑन करा.

"वाईट कुणीच बोललं नाही मॅडम. हसल्या फक्त. हार्टपण दिले." नखानं टेबलाची कड खरवडत होती. "दुसऱ्या दिवशी चमच्यानं खाल्लं. चमच्याचा पण आवाज येतो. मग घास तोंडाकडं नेला की वाटायचं, कुणीतरी फोन धरलाय. हात थांबायचाच."

मग काय खातेस?

"रूममेट आंघोळीला गेली की बिस्किटं. कधी केळं. केळ्याचा आवाज येत नाही."

आणि वही?

पहिल्यांदा जरा हसली. "आठ वाजता आईचा फोन येतो. मी विचारते, आज काय केलं? ती सगळं सांगते — भाजी कसली, कोण काय म्हणालं, आप्पांनी किती खाल्लं, दादा कसा रुसला. मग ती विचारते, तू काय जेवलीस? मी मेसच्या फळ्यावरचं वाचून दाखवते. फोन ठेवला की वही उघडायची. आता काय लिहायचं? चार बिस्किटं? रोज चार बिस्किटं लिहायला लाज वाटती. मग आईनं सांगितलेलं लिहिलं. लिहिताना वास येतो, मॅडम. पोट भरल्यासारखं होतं."

तुम्ही हॉलमध्ये वाचलंत त्या दिवशी, म्हणाली, मी तिसऱ्या रांगेत होते. मला वाटलं, आता बिस्किटं खातानासुद्धा कुणी बघायला नको. तुम्ही म्हणालात ना, पोटभर जेवते.

मला तिच्याकडे बघवेना.

जाताना दारात थांबली. "सत्कार नको ना मॅडम. सगळ्यांसमोर मला घास घेता येणार नाही."

संध्याकाळी पाकीट उचलून आणलं, सोमवारी तिच्याच हातात देईन.

३० जानेवारी, शुक्रवार

सरांकडे गेले. ६३ येणार नाही एवढंच सांगितलं. कारण विचारलं. म्हटलं, सांगणार नाही. वहीतलं जेवण तिनं खाल्लेलं नाही, एवढं धरून चला.

"म्हणजे खोटं लिहिलंय."

नाही सर. खरं लिहिलंय, दुसऱ्या घरातलं.

चष्मा काढून डोळे चोळले. "मॅडम, कार्डं छापून झालीत. मी यादी बघतो आणि तिच्याशी बोलतो, मुली लाजतात, समजावलं की येतात." आणि खरंच किल्ल्या काढल्या!

मी कपाटासमोर उभी राहिले. पंचेचाळीस वर्षांची बाई, हातात पर्स, कपाटाला पाठ लावून. आता लिहिताना हसू येतंय. म्हटलं, कपाट उघडलंत तर मी आजच नैतिकता समितीला लिहीन. माझ्या सहीचं पान जोडून.

मग त्यांनी किल्ल्या खिशात टाकल्या.

"तुम्हाला विश्रांतीची गरज आहे. ६३ काढून टाका. एकशे एकेचाळीस धरू. आणि अहवालावर तुमचं नाव राहावं असं मला आता वाटत नाही."

बरं म्हटलं. दोन वर्षांचं काम. बरं म्हणायला दोन सेकंदही लागले नाहीत.

३१ जानेवारी, शनिवार

'आदर्श ताट' झालं. पहिला घास पाहुण्यांनी घेतला. मी गेले नाही. अफशीन गेली होती. "भाकरी बाहेरून मागवली होती मॅडम. प्लॅस्टिकच्या डब्यातून."

सूचना फाडून आणली तिनं, सांगितल्याशिवाय.

२ फेब्रुवारी, सोमवार

ऋतिकाला दवाखान्यात नेलं, विद्यापीठाच्याच. हिमोग्लोबिन सात! डॉक्टरीणबाई माझ्यावर ओरडल्या, त्यांना वाटलं मी आई. गोळ्या, आणि जेवण. पंधरा दिवसांत वाढलं नाही तर भरती करावं लागेल, घरी कळवावं लागेल. भरती शब्द ऐकून ऋतिका म्हणाली, "मग आप्पा घेऊन जातील. शिक्षण झालंच मग."

जेवण. जणू गोळीसारखं लिहून दिलं की झालं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

डबा केला. दोन डबे. पहाटे उठून भाकऱ्या थापल्या, दोन मोडल्या, चार बऱ्या निघाल्या. मेथी, आमटी, भात.

दुपारी खोलीत ती समोर बसली. डबा उघडला. घास उचलला, अर्ध्यावर आणला, ठेवला. परत उचलला. मी खिडकीबाहेर बघायचं नाटक केलं. तिला कळत होतं नाटक आहे ते. दहा मिनिटं गेली. "जमत नाही मॅडम. सॉरी."

म्हटलं, थांब. माझी खुर्ची उचलली, फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. तिला म्हटलं, तूही फिरव. पाठीला पाठ. समोर माझ्या भिंत, तिच्यासमोर फाइलींचं कपाट. मी जेवायला लागले. आमटीभात कालवला आणि मुद्दाम ओरपला, मोठ्यानं. आयुष्यात पहिल्यांदा! ठसका लागला.

मागून हसल्याचा आवाज. मग काही नाही. मग भाकरी मोडल्याचा.

मग भुरका.

मागे वळून बघितलं नाही. भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर अजून तसंच आहे, तेच बघत बसले. डोळ्यांसमोर पुसट झालं.

डबा परत दिला तेव्हा थोडा भात उरला होता. "उरलं," म्हणाली घाबरून. उरू दे म्हटलं. उरलं तरी चालतं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

तिसरा दिवस पाठीला पाठ. आज अफशीन आली आणि काही न विचारता तिसरी खुर्ची दाराकडे तोंड करून लावली. कबाब आणले होते. "भिंतीशी गप्पा मारत जेवायची मजाच वेगळी," म्हणाली दाराला. तिघी तीन दिशांना! कुणी आत आलं असतं तर आम्हालाच भरती केलं असतं.

ऋतिका बोलत होती जेवता जेवता. मुलींनी परवा विचारलं, ६३ तू का? तिनं विचारलं, तू का? विषय संपला.

७ फेब्रुवारी, शनिवार

शेवटच्या वह्या गोळा झाल्या. माझं काम नाही आता, तरी अफशीननं ६३ तेवढी दाखवली. "काढून टाकलेल्या वह्या कुणाच्या नसतात."

'कुठे' हा रकाना भरलाय. "२१४ नंबरची खोली." कुणाबरोबर — "मॅडम, अफशीनताई (पाठमोऱ्या)." उरलं — "अर्धी भाकरी." मंगळवारी एक ओळ : "आवाज झाला. काही झालं नाही."

९ फेब्रुवारी, सोमवार

शनिवारी तिनं आईला खरं सांगितलं. मी म्हटलं होतं सांग म्हणून, घाई नाही, पण सांग. आई म्हणाली म्हणे, उद्यापासनं तू जेव, मग मी फोन करते.

आणि काल पहिल्यांदा मेसमध्ये गेली! एकटी, कोपऱ्यातल्या टेबलावर. "मॅडम, मी एक युक्ती केली. आठ वाजता घरी सगळे बसतात ना जेवायला. आई, आप्पा, दादा. मी बरोब्बर आठला ताट घेते. आणि असं समजते की समोर तेच बसलेत. तिकडं आप्पांनी भुरका मारला की इकडं मी मारते. मग बाकीच्या दिसतच नाहीत."

दोन पोळ्या, वरणभात. वही नाही आता, तरी सांगायला आली.

आईला माझा नंबर दिलाय. वेणूबाई नाव आईचं. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान निघाल्या! मी उगाच म्हातारी बाई डोळ्यांसमोर धरून बसले होते.

११ फेब्रुवारी, बुधवार

पुन्हा रक्त तपासलं. सात पूर्णांक आठ. भरती टळली. डॉक्टरीणबाईंनी या वेळी मला चहा दिला.

दमलेय, पण झोप चांगली लागते आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

वेणूबाईंचा फोन. आधी आभार. मग रडल्या. घरात दुसरा कसलाच आवाज नव्हता, म्हणून मी सहज विचारलं, सगळ्यांची जेवणं झाली का?

"सगळे कुठले, बाई. डिसेंबरात ती येऊन गेली न् दोघं बापलेक कामाला गेले, पोकलेनवर, कर्नाटकात. घरी मी एकलीच हाय. एकलीसाठी काय रांधायचं? शिळी भाकर न् चटणी. पोरगी रोज विचारायची, काय केलंस? काहीतरी सांगावं लागायचं बगा. तिचं चित्त थाऱ्यावर राहावं म्हणून."

भोगी, घेवडा, हुरडा. त्या तीन आठवड्यांतला एक घाससुद्धा कुणाच्या पोटात गेलेला नाही.

"ती खरं बोलली माझ्यापाशी. मला न्हाई बोलता आलं. तुमीबी सांगू नका. घरी समदे जेवत्यात म्हणून तर ती बसतीय ताटावर."

मी हो म्हणाले.